न पाहिलेल्या सिनेमाचं मत

मालिका, वेबसिरीज, सिनेमे यांवर मला मतं आहेत आणि ती मी कधी पोटात ठेवलेली नाहीत. हल्लीच्या प्रत्येक वेबसिरीजमध्ये पहिल्या दहा मिनिटांत मुडदा पडतो, तपासाला येणाऱ्या बाईचं घरी पटत नसतं आणि शेवटचा भाग पुढच्या सीझनची सोय करण्यात खर्ची पडतो. ऐतिहासिक सिनेमांत तर शेजारी बसलेल्या माणसाशीही लोक बुरुजावरून ओरडल्यासारखे बोलतात. बंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी असलं काहीबाही लिहायचे आणि लोकांना ते आवडायचं. ‘ताईंचं मत आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही,’ असं कुणी लिहिलं की माझे पाय दिवसभर जमिनीला लागायचे नाहीत. ऑफिसात मला कुणी एवढं विचारत नाही.

इथे मराठी सिनेमा आपणहून फारसा लागत नाही. ग्रुपवर नावं गोळा करायची, साठेक झाली की मल्टिप्लेक्सवाले रविवारी सकाळचा एक खेळ देतात. नावं कमी पडली तर खेळ रद्द. हे मला चांगलं माहीत होतं.

गेल्या वर्षी असाच एक सिनेमा आला. गावातली पिठाची गिरणी बंद करायला निघालेल्या दोन बहिणींची गोष्ट. पुण्यात तो आधी लागला होता आणि मी त्या शनिवार-रविवारी माहेरी पुण्याला निघाले होते. ‘बघून या आणि सांगा,’ अशी ग्रुपवर फर्माईशच झाली. मी गेले, दोन दिवस आईच्या हातचं खाल्लं आणि झोपा काढल्या. सिनेमा पाहिला नाही. परतीच्या बसमध्ये ग्रुपवर विचारणा सुरू झाली, तेव्हा ‘जमलं नाही’ एवढे दोन शब्द लिहायला मला कमीपणा वाटला. ट्रेलर पाहिला होता. मावसभाऊ फोनवर ‘बोअर आहे गं’ म्हणाला होता. तेवढ्या भांडवलावर मी वीस ओळी ठोकल्या. छायाचित्रण देखणं, पण मध्यंतरानंतर पटकथा हातातून सुटते, शेवट तर निव्वळ ओढूनताणून आणलेला, वगैरे. ही वाक्यं कुठल्याही सिनेमाला चालतात.

सोमवारपासून नावं गळायला लागली. नावं घेणाऱ्या काकांनी मधेच लिहिलं, ‘दोघांना मात्र अगदी पहिली रांग हवी आहे. मान मोडून घ्यायची हौस!’ त्यावर सगळ्यांनी हसणारे चेहरे टाकले, मीही टाकला. बुधवारी खेळ रद्द झाला.

पहिली रांग मागणारे माझे घरमालक होते. बनशंकरीत मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. अण्णा आणि अक्का, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. गुरुवारी अक्का जिन्यात भेटल्या.

‘यांना समोरचं दिसत नाही बघ आता. मधेच डाग पडल्यासारखं होतं. टीव्ही म्हणजे नुसता पुसट उजेड. मोठ्या पडद्यापुढे जवळ बसलं तर स्वल्प तरी दिसेल, म्हणत होते. शहाळेवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं, रविवारी येऊ नको, आम्ही सिनेमाला चाललो.’ मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, ‘जाऊ दे. बरं झालं तू आधी सांगितलंस. उगीच एवढ्या लांब गेलो असतो.’

मी ‘हो ना’ म्हणाले. वर येऊन दार लावलं आणि मोबाइल उलटा करून ठेवला. मला माझी इतकी लाज वाटली की तो हसणारा चेहरा पुसायचा म्हणून मी पुन्हा ग्रुप उघडला, पण पुसायची वेळ टळून गेली होती. खाली जाऊन खरं सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हणत दोन महिने काढले.

मग तो सिनेमा ओटीटीवर आला आणि अण्णांनी मला खाली बोलावलं. रविवारची दुपार होती. अक्कांनी कॉफी दिली आणि टीव्ही लावला. ‘तू पाहिलायस ना, मग तूच सांगत जा काय दिसतंय ते,’ अण्णा म्हणाले.

मी सांगायला लागले. थोरली पट्टा काढतेय. धाकटी दारात उभी आहे. जे दिसेल ते दिसल्यावर सांगत होते, त्यामुळे प्रत्येक वेळी मागे पडत होते. अण्णा म्हणाले, ‘आधी सांग की. तुला माहीतच आहे पुढचं.’ मी ठोकून दिलं, ‘आता धाकटी परत येईल.’ धाकटी आली नाही. ती बसमध्ये बसून निघून गेली. अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा टीव्हीकडे पाहिलं.

‘विसरली असेल गं,’ अण्णाच त्यांना म्हणाले, ‘किती सिनेमे बघते ती.’

शेवटी थोरली एकटी गिरणीत येते. पडदा जवळजवळ काळा होतो. ती दळण न घालताच गिरणी सुरू करते, आणि आधी मोटर, मग पट्टा, मग जात्याची घरघर, एवढंच बराच वेळ ऐकू येत राहतं. मी सांगायचं थांबवलं होतं. सांगण्यासारखं काही दिसतच नव्हतं. अण्णा खुर्चीत पुढे झुकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलंही नाही. गेल्या कित्येक वर्षांत मी इतका चांगला शेवट पाहिला नव्हता.

नावं सरकायला लागली तेव्हा अण्णा म्हणाले, ‘हाच का तो ओढूनताणून आणलेला शेवट?’

मी कॉफीचे रिकामे कप गोळा करायला लागले.

‘मला चांगला वाटला. पण मला नीट दिसत नाही ना, म्हणून वाटला असेल. दिसलं असतं तर कळलं असतं, काय चुकलंय ते.’

‘नाही अण्णा,’ मी म्हणाले, ‘चांगलाच आहे. खरंच खूप चांगला आहे.’

ते हसले. ‘सरी, सरी, असू दे. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून म्हणतेस. चांगला असता तर तू तसंच लिहिलं असतंस की.’

यावर माझ्याकडे एकच खरं उत्तर होतं. ते मी त्या दिवशीही दिलं नाही.