डॅन्यूबला हळदीकुंकू

किचनच्या ड्रॉवरमध्ये डब्यांची झाकणं कशी आपोआप साठत जातात? आमच्या घरातले किस्सेही तसेच. सईच्या शाळेच्या एका प्रोजेक्टने तर आख्खा ड्रॉवर भरला!

*

चौथीतली सई शाळेतून आली ती हुकूम घेऊनच. "मम्मा, मला डॅन्यूबच्या एंडचं मॉडेल करायचंय. आणि प्रेझेंटेशनमध्ये मी अडकले तर तू बोलायचं. प्रॉमिस?"

प्रॉमिस तर केलं. सातवीनंतर भूगोलाचं तोंड पाहिलेलं नाही, आणि आता युरोपातली नदी, तीही इंग्लिशमध्ये!

नवरा, मंदार, लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "चिल यार, नदीच आहे ना? खालीच वाहणार."

*

नकाशा बघितला तर काय! ही बाई समुद्राच्या अगदी जवळ येते, आणि सरळ जायचं सोडून डावीकडे, उत्तरेला वळते!

"एक्झिट चुकला तिचा," मंदार म्हणाला.

"चुकला नाही. पुढे मर्ज करायचं होतं, घाबरली असेल." इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये नुकतंच लायसन्स काढलंय मी, मला नाही कळणार तर कोणाला?

सईने कपाळावर हात मारला. "मम्मा, देअर आर हिल्स!"

*

पिठात मीठ घालून डेल्टा थापला, नदीचे तीन फाटे कोरले, सुकायला ओव्हनमध्ये ठेवला. पीठ निघालं सेल्फ-रायझिंग! डेल्टा टम्म फुगला, अर्धा काळा समुद्र गिळून बसला. मी रडायच्या बेतात.

सई म्हणाली, "इट्स ओके. खरा डेल्टापण समुद्रात पुढे सरकतो. गाळ येतो ना!"

*

प्रेझेंटेशनच्या दिवशी सकाळी बघते तर निळ्या रंगवलेल्या नदीवर हळद आणि कुंकू! नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई समोर हात जोडून उभ्या.

"आई, हे काय केलंत?"

"परदेशातली असली तं काय झालं? नदीच आहे ना ते! तशीच धाडू का तिला?"

पुसायला गेले तर निळा रंगच निघायला लागला. दिलं तसंच. आईही निघाल्या बरोबर.

*

शाळेत सई फाडफाड बोलली. मी हुश्श केलं, तेवढ्यात टीचर वाकल्या. लाल-पिवळ्या भुकटीला बोट लावून म्हणाल्या, "अँड व्हॉट इज धिस?"

सई अडकली. माझ्याकडे बघायला लागली.

गाडीत घोकलेलं तीन फाट्यांचं वाक्य डोक्यातून साफ उडालं. पण प्रॉमिस म्हणजे प्रॉमिस! घसा खाकरला आणि ठणकावून सांगितलं, "माय मदर-इन-लॉ!"

टीचरनी चटकन बोट मागे घेतलं. छातीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "ओह... आय ॲम सो सॉरी."

इतक्यात माझ्या मागून आई पुढे आल्या, हसून हात जोडले आणि म्हणाल्या, "हॅलो!"