लुआच्या घरचा वारा

खरं सांगायचं तर लुआत विशेष असं काही नव्हतं. बुटकी, एका डोळ्याने किंचित तिरळी, हसली की हिरड्या दिसायच्या. सायगॉनमधल्या आमच्या चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तिचं दार माझ्या दारासमोर, मध्ये फक्त सामायिक गॅलरी. ती आओ याय शिवायची, बायकांचा तो लांब, अंगाबरोबर बसणारा अंगरखा. तीस वर्षं ती शिवत होती आणि तीस वर्षं मी जळत होते.

कारण वारा. एप्रिलमध्ये सगळं शहर भाजून निघायचं आणि हिच्या खोलीत कापडं उडू नयेत म्हणून त्यांवर कात्री ठेवावी लागायची. गिऱ्हाइकं माप देऊन झालं तरी उठत नसत. शेजारणी भाजी निवडायला तिथेच. आणि माझा नवरा खिएम माझ्या हातचं जेवून, दोरीचा झोपाळा खांद्यावर टाकून तिच्या दाराशी बांधायचा.

“तिच्याकडे गार लागतं गं.”

“मग जेवायलाही तिकडेच जा की!”

“ती बोलावते. मीच नको म्हणतो.”

माझ्या खोलीची बाहेरची भिंत म्हणजे नुसती जाळी. सिमेंटच्या भोकाभोकांच्या विटा, जमिनीपासून छतापर्यंत. बांधणाऱ्यांनी साठ सालाच्या सुमारास सगळ्याच घरांना तशा ठेवल्या होत्या. ऊन अडायचं, धूळ मात्र यायची. मी ठरवलं, भोकं बुजवायची आणि एसी लावायचा. तेव्हा जो तो हेच करत होता. मग बघू कोण कुणाच्या दारात बसतं! गवंड्याने दोन दिवसांत भिंत सपाट केली. दारावरची हवेची झडपही मी बुजवून घेतली.

तिसऱ्या दिवशी लुआकडची कापडं हलायची थांबली. नदीकडचा वारा माझ्या जाळीतून आत यायचा, माझ्या अरुंद झडपेतून जोर धरून बाहेर पडून गॅलरी ओलांडायचा आणि तिच्याकडे जायचा. इतकी वर्षं जिच्या वाऱ्यावर मी जळत होते तो माझ्याच घरातून जात होता. वाईट वाटायला हवं होतं. मला एवढा आनंद झाला की त्या दिवशी मी खिएमसाठी मासळीचं आंबट सार केलं.

लुआची पंचाईत झाली. रेशमावर घामाचा डाग पडला की अंगरखा गेलाच, आणि पंखा लावावा तर त्याच्या झोतात कापड हातात राहत नाही. एका नवरीचा लाल अंगरखा तिला दुसऱ्यांदा शिवावा लागला. ती मला काही बोलली नाही. बोलला खिएम.

“अगं, तिला मशीन इकडे आणू दे. आपल्याकडे एसी आहे ना?”

मी तोऱ्यात हो म्हटलं. बसू दे की माझ्या गारव्यात!

ती आली. तिच्यामागे गिऱ्हाइकं, त्यांच्यामागे शेजारणी भाजी घेऊन. माझं घर भरलं. तीस वर्षं हेच तर मला हवं होतं. पण सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. मी बर्फाचा चहा घेऊन फिरतेय, तर एक नवीन गिऱ्हाईक मला विचारतं, “मावशी, तुम्ही लुआताईंकडे कामाला का?” खिएम खो खो हसला.

दुसऱ्याच दिवशी मी गवंड्याला बोलावलं.

“फोड सगळं. भिंत, झडप, सगळं.”

“आता काय झालं, ताई?”

“एसीने गुडघे धरतात माझे.”

जाळी मोकळी झाली. लुआ मशीन घेऊन आपल्या खोलीत गेली, मागोमाग सगळे गेले, झोपाळाही गेला. वर इमारतभर माझं कौतुक, की लुआसाठी थोआने, म्हणजे मी, भिंत फोडली. तेही मला बोचत होतं.

आठवड्याने लुआ एक जांभळा अंगरखा घेऊन आली, माझ्यासाठी. एका अंगरख्याला शिंपीण वीसेक मापं घेते. माझं हिने एकही घेतलेलं नव्हतं. मी घालून पाहिला. काखेत, पोटावर, कुठे सुरकुती नाही. नाव ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी आणखीच चिडले.

“माझं माप कधी घेतलंस गं?”

“घ्यायला कशाला हवं, ताई? तीस वर्षं रोज समोरच्या दारात उभ्या दिसता.” तिने माझी कॉलर सारखी केली. “आत का येत नाही कधी?”