मुक्ताने भर अंगणात सांगून टाकलं

गौरी जेवल्या त्या संध्याकाळची गोष्ट. रत्नागिरीपासून जवळच आमची वाडी आहे, आणि यंदा पहिल्यांदाच वाडीतल्या मुलींनी स्वतःचा जाखडीचा ग्रुप काढला होता. आमची मुक्ता त्यात नाचणार होती… आणि मी जीव मुठीत धरून बघायला गेले होते.

मुक्ता दहावीत आहे. आठवीत असताना तिला टाइप वन डायबिटीस झाला. रोजची इन्सुलिनची इंजेक्शनं, बोटाला टोचून शुगर बघणं… सगळं शिकली बिचारी, आमच्यापेक्षा लवकर शिकली. पण तिचं ते खो खो हसणं कुठे गेलं कोण जाणे.

सुरुवातीला ज्याला सांगावं तो विचारायचा, "गोड फार खायची का हो?" आता हा काही गोड खाऊन होणारा आजार नाही, पण किती जणांना सांगणार! एका लग्नात तर एका बाईंनी चारचौघांत तिच्या ताटातली जिलबी उचलून घेतली. त्या दिवशी घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "आई, यापुढे कुणालाच सांगायचं नाही."

मग नाहीच सांगितलं आम्ही. मैत्रिणींचे वाढदिवस बंद, शाळेची सहल बंद. कुणाकडे गेलो तर ती बाथरूमची कडी लावून इंजेक्शन घ्यायची, आणि मी बाहेर उगाचच मोठमोठ्याने गप्पा मारत बसायचे…

त्यामुळे शेजारच्या सानिकाने जाखडीला बोलावलं आणि ही चक्क हो म्हणाली, तेव्हा मला आनंद आणि धास्ती एकदमच. जाखडी म्हणजे काय खेळ नाही. मध्ये शाहीर आणि ढोलकी, भोवती गोल करून पायात चाळ बांधून नाचायचं, तेही या अंगणातून त्या अंगणात. एवढ्या दमछाकीत शुगर कधीही खाली येऊ शकते.

मी बरोबर येते म्हटल्यावर तिची परवानगी मिळाली. "ये. पण लांब बस, आणि सारखी माझ्याकडे बघू नकोस." आता पोटच्या पोरीचा नाच न बघता कसा बघायचा, ते तिलाच ठाऊक!

पहिली दोन घरं झकास झाली. मग सुमनकाकींचं अंगण. सगळी वाडी जमलेली, सानिका शाहीर होऊन खड्या आवाजात गात होती, आणि मध्येच मुक्ताचा पाय चुकला. परत चुकला. चेहरा घामाने डबडबलेला, हात थरथरत होते… मला लांबूनही कळलं.

मी उठून धावलेच. पण माझ्याआधी दोन मुली तिला धरून ओटीवर घेऊन गेल्या होत्या. एकीने पिशवीतून कोकम सरबताची बाटली काढून तिच्या तोंडाला लावली, दुसरीने शुगर बघायचं मशीन काढलं. मी बघतच राहिले. या पोरींना कुणी सांगितलं?

"मीच सांगितलं गं," मुक्ता सरबताचा घोट घेत पुटपुटली. "प्रॅक्टिसला असंच झालं होतं. तू उगाच घाबरशील म्हणून बोलले नाही."

शुगर वर यायला थोडा वेळ लागतो. लोक माना उंचावून ओटीकडे बघायला लागले होते, कुजबूज सुरू झाली होती. तेवढ्यात सानिकाने ढोलकीवाल्याला खूण केली आणि तिथल्या तिथे जुळवून सुरू केलं…

"गोलातली आमुची चांदणी गेली सरबत प्यायाला,
तोवर टाळ्या होऊ द्या की, काय जातंय द्यायाला!"

अंगण हसलं, टाळ्या पडल्या. सानिकाने ते चांगलं घोळवून घोळवून म्हटलं, मुली हळूहळू ठेका धरून राहिल्या. मुक्ताने पुन्हा शुगर बघितली, माझ्याकडे बघून मान हलवली. बरी होती.

आणि मग ती उठली, सानिकाच्या हातातला माइक घेतला. मला वाटलं, आता सॉरी म्हणेल. तर ही गायला लागली!

"साखर माझी नखरेवाली, कधी चढते, कधी पडते गं,
सुई टोचते, सरबत पिते, मीच तिला नाचवते गं!"

ज्या गोष्टीसाठी आम्ही दोन वर्षं कड्या लावून बसलो, ती हिने सगळ्या वाडीसमोर माइकवर सांगून टाकली होती!

"अगो बाय माझे!" सुमनकाकी ओरडल्या. "परत म्हण गो तां!"

परत म्हटलं. मग पुन्हा परत. शेवटी शेवटी तर पोरंबाळं, म्हातारे सगळेच "मीच तिला नाचवते गं" ओरडत होते, आणि मध्ये माझी लेक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

नंतर काकींनी सगळ्यांना घावन आणि गुळाचं गोड घाटलं वाढलं. मुक्ताने आत जायला जागा विचारली नाही. ओटीवरच मैत्रिणींच्या घोळक्यात शुगर बघितली, इन्सुलिनचा हिशेब केला आणि इंजेक्शन घेतलं.

"दुखत नाय गो?" काकींनी विचारलं.

"दुखतं थोडं," ती म्हणाली, "पण काकी, तुमच्या हातचं घाटलं सोडायचं म्हणजे जास्त दुखेल!"

घरी परतताना ती मुलींबरोबर पुढे होती. ओरडून ओरडून आवाज बसलेला, तरी बडबड चालूच. मी मुद्दाम मागून चालले.

सानिका, आणि बाकीच्या सगळ्या पोरींनो… इन्सुलिन आम्ही देऊ शकत होतो, औषधं, डॉक्टर, सगळं. बरोबरीच्या मैत्रिणी कुठून आणणार होतो? रविवारी सगळ्या घरी जेवायला या. मुक्ताने बोलावलंय… तिने स्वतःहून!