मशेरीची डबी

तंबाखू तव्यावर काळीकुळीत भाजायची, हाताने चुरायची आणि डबीत भरायची, ही आमच्या सापगावच्या घरातली मशेरी. रोज सकाळी सासू आणि मी ओट्यावर बसून एकाच डबीत बोट घालायचो आणि दात घासता घासता गावभरच्या गप्पा मारायचो. नवरा वाशिंदच्या कारखान्यात होता. तो आजारपणात गेला आणि तपासणीत माझ्याही रक्तात एचआयव्ही निघाला. तेव्हा शेजारणींनी माझा चहाचा कप वेगळा काढला. सासूने डबी वेगळी काढली नाही. त्या एका गोष्टीवर मी ती वर्षं काढली.

पुढे सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळू लागल्या. गोळ्यांची बाटली मी तांदळाच्या पिंपामागे लपवून ठेवायची, पण गोळी एक दिवस चुकवली नाही. अंगाला मांस धरलं, पुन्हा लावणीला जाऊ लागले. दर महिन्याला गोळ्या आणायला ठाण्याच्या दवाखान्यात गेलं की तिथले विचारायचे, "काही व्यसन?" मी ताठ मानेने "नाय" म्हणायची. खोटं बोलत नव्हते. व्यसनं पुरुषांची, मशेरीने तर आमी दात घासायचो.

एकदा माझं ब्लडप्रेशर फार वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावून काळ्या हिरड्या बघितल्या.

"दात किती वेळा घासता?"

"सकाळी, जेवल्यावर, चहा झाला की, कामावरून आल्यावर, झोपताना..."

"बाई, इतक्या वेळा तर मीसुद्धा घासत नाही!" त्या हसल्या, मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. "गोळ्यांनी तुमचा आजार दाबून ठेवलाय. पण या आजारात हृदयाचा झटका, लकवा यांचा धोका इतरांपेक्षा जास्त. त्यात हे प्रेशर आणि वर तंबाखू. मशेरी म्हणजे तंबाखूच. सोडा."

मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिला बाप फोटोतलाच ठाऊक. आईही फोटोत जायला नको, एवढं मला नीट कळलं.

घरी सासूला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर गेलेच नाही, चुलीपाशी घुटमळत राहिले. डोकं ठणकत होतं, रडू येत होतं, आणि ते काही तंबाखूसाठी नव्हतं.

बाहेरून आवाज आला, "काय गो, बसू पण नको सांगलंय का डॉक्टरनी?"

गेले. सासूच्या हातात तीच डबी होती, राखेने घासून लख्ख केलेली, रिकामी.

"गोल्या यात ठेव. पिंपामागं चोरावानी नको लपवू."

स्वतः तिने काही सोडलं नाही. कमरेला पुडी खोचून घरामागे जाते आणि मला पत्ता नाही असं समजते. मी म्हटलं, "आई, तुमचं पण प्रेशर बघून घेऊ." तर म्हणे, "मला काय झालंय?" तिच्याशी माझं भांडण अजून चालू आहे.

मुलगी बारावी झाली. माझं प्रेशर ताब्यात आहे. डबीतला तंबाखूचा वास मात्र जात नाही. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिच्यातून गोळी काढून घेते आणि डबी सासूकडे देते. झाकण तीच लावते.