मोटारीच्या पोटातली पट्टी

बीडच्या बाजारात मी घड्याळं आणि कुलपं दुरुस्त करायचो. कुठलंही यंत्र माझ्या हाताखाली आलं की बोलायला लागतं, असा माझा लौकिक होता. तो मीच पसरवला होता. त्यामुळं जहागीरदारांची मोटार वडवणीच्या वाटेवर पाहुण्यांदेखत बंद पडली आणि बैल जुंपून कचेरीपुढं आणावी लागली, तेव्हा बोलावणं मला आलं. मोटारीचं इंजिन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण हे सांगतो कोण?

ड्रायव्हरनं इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं. आत तेल आणि धुरळ्याचा काळा थर साचला होता. त्यात बोटं घालून त्यानं पेराएवढी चपटी लोखंडी पट्टी काढली आणि काही बोलणार, तोच कचेरीचे कागद सांभाळणाऱ्या पेशकारानं त्याला थांबवलं. "वस्तू सापडली हाय. आता शिनाख्त झाल्याबिगर पुढं जाता येत न्हाई."

त्या कचेरीत काहीही सापडलं की चार जाणत्यांनी ते ओळखायचं आणि कागदावर सही-अंगठा करायचा, असा रिवाज होता. त्यात जहागीरदारांना पक्का संशय, की त्यांची फजिती व्हावी म्हणून मेव्हण्यानंच ड्रायव्हरला फितवून मोटारीत काहीतरी टाकलं.

सोनारानं पट्टी कसोटीवर घासली आणि सोनं नसल्याचं सांगितलं. पेशकारानं तेही गंभीरपणे लिहून घेतलं. हकीमसाहेबांनी वास घेऊन ते गळू फोडायच्या नश्तराचं पातं ठरवलं. नालबंदाला ती खेचराच्या नालेची वाटली. ड्रायव्हर बिचारा हात जोडून म्हणत होता, "हुजूर, ही मोटारीचीच हाय. कुठं बसती ते दावतो."

"मुलजिमाला शिनाख्त करता येत न्हाई," पेशकार म्हणाला. ड्रायव्हर आरोपी कधी झाला ते मला विचारू नका. त्यालाही तेव्हाच कळलं असावं.

मग माझी पाळी आली. डोळ्याला भिंग लावून मी पट्टी उलटीसुलटी केली. खरं सांगतो, मला काडीचं कळलं नाही. पण सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी खाकरून म्हणालो, "असली ओबडधोबड वस्तू यंत्रात नसतीच." आणि झोकदार सही ठोकली.

पट्टी कापडात गुंडाळून, लाखेची मोहोर लावून मालखान्यात गेली. ड्रायव्हरची नोकरी गेली, नोकरीबरोबर मिळालेली कचेरीमागची खोलीही गेली. दिवस मावळायच्या आत त्याची म्हातारी आई डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन माझ्यासमोरून गेली. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार चालू करायचा हुकूम मला झाला. घासलेटनं तो काळा थर धुतला, तेव्हा आत आठ दांडे दिसले. सात दांड्यांच्या खाचेत तसलीच चपटी पट्टी, स्प्रिंगला धरून बसलेली. आठव्याची खाच रिकामी होती आणि त्याची स्प्रिंग खाली घसरली होती. मी तिथंच मातीत बसलो. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

पेशकाराकडं पट्टी मागितली. तो म्हणाला, "पुरावा हाय तो. बाहेर कसा येईल?" मग एका मोडक्या कुलपाचं लोखंड कानशीनं घासून मी तसलीच दुसरी बनवून बसवली. मोटार पहिल्या झटक्यात सुरू झाली.

जहागीरदार लई खूश झाले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. धीर करून मी म्हणालो, "हुजूर, ती पट्टी मोटारीचीच होती. ड्रायव्हर खरं बोलत होता."

त्यांनी हात काढून घेतला. "म्हणजे तुझी सही खोटी?"

पेशकारानं लेखणी दौतीत बुडवली आणि माझ्याकडं पाहत थांबला.

"न्हाई हुजूर," मी म्हणालो. "सही बरोबर हाय."