आषाढातली होडी

गेल्या जानेवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी मी रत्नागिरीतल्या बोर्ड गेमच्या दुकानात पहिल्यांदा गेलो आणि मासेमारीचा एक खेळ जिंकलो. लातूरहून बदली होऊन मला तेव्हा महिनाभर झाला होता.

दुकान बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर आहे, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या वर. भिंतीला खोक्यांची फडताळं, मध्ये एक टेबल. मी भाच्यासाठी काहीतरी घ्यायला गेलो होतो. मालकीण तिशीतली. तिने खोकी दाखवलीच नाहीत.

"नवीन आहात ना इथे? वेळ आहे?"

टेबलावरचा खेळ तिने स्वतः तयार केला होता. सोमवारी तो छापायला जायचा होता. एकदा छापला की बदल करता येत नाही. आतापर्यंत तो तिची इथलीच मित्रमंडळी खेळली होती, आणि नियम ती तोंडाने सांगत आली होती. आज तिला खेळ कधीच न पाहिलेली माणसं हवी होती, तीही फक्त नियमांची पुस्तिका वाचून खेळणारी.

"मी गप्प बसणार. मला बोलावं लागलं तर पुस्तिका नापास."

टेबलाशी मिरकरवाड्यातलं एक जोडपं आधीच बसलं होतं. त्यांची स्वतःची होडी आहे. ओळखीचे म्हणून तिने त्यांना बोलावलं होतं.

खेळात एक डाव म्हणजे एक महिना. होडी समुद्रात असेल तर माशांचं पान उचलायचं; वर्षअखेर ज्याच्याकडे जास्त मासळी तो जिंकला. ज्येष्ठ संपला. आषाढ येताच नवरा-बायकोने काही न बोलता आपापल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या. मी माझी समुद्रातच ठेवली.

"ओ पावणे, घरी भांडून आलाव काय?" बायको म्हणाली.

"का?"

"आषाढात होडी दर्यात घालताव म्हून!"

"देशावरचे हायत ते," नवरा म्हणाला. "त्यांच्याकडे आषाढात पाणीच नसतं. बुडतील कशात?"

हा नियम कुठे आहे, असं मी विचारलं. नवऱ्याने पुस्तिका चाळली, मग बायकोने चाळली.

"नाय लिवलेलं," ती म्हणाली. "पण हे लिवायला कशाला पायजे? नारळी पुनव झाल्याशिवाय खवळल्या दर्यात कोण जातो?"

आम्ही तिघांनी मालकिणीकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून होती. बोलली नाही.

पुस्तिकेत मनाई नसल्यामुळे माझी होडी समुद्रातच राहिली. आषाढ-श्रावणात मला सुरमई मिळाली, पापलेट मिळालं. भाद्रपदात त्यांच्या होड्या परत पाण्यात आल्या तेव्हा मी बराच पुढे होतो. फाल्गुनात खेळ संपला.

"पावसात कमावलेलं पचायचं नाय हो," नवरा म्हणाला.

त्यानंतर मालकीण पहिल्यांदा बोलली. "माझ्या डोक्यातच आलं नाही. आम्ही खेळायचो तेव्हाही कोणी आषाढात होडी काढली नव्हती."

तिने लगेच छापखान्याला फोन लावला आणि सोमवारी फाइल येणार नाही असं सांगितलं. नवा नियम लिहून पुन्हा चाचणी घ्यावी लागणार होती. मी येतो म्हणालो.

"तुम्ही नाही चालणार. तुम्हाला आता माहीत झालं."

फेब्रुवारीत तिला बीडहून बदलून आलेले बँकेतले दोघे मिळाले. पुढचं तिनेच मला सांगितलं. आषाढाच्या डावाला एकाने माशांच्या पानाला हात घातला, दुसऱ्याने पुस्तिका उघडून नियम मोठ्याने वाचला, आणि दोघांनी होड्या किनाऱ्यावर घेतल्या. त्याच आठवड्यात फाइल छापखान्यात गेली.