गारठलेल्या इंजिनाचा आवाज

नवरा, ऑर्व्हिल, गेल्यापासून व्हर्ना क्लासेन मुलीकडे गेली नव्हती. मुलगी कॅनडातल्या मॅनिटोबाच्या पार उत्तरेला, थॉम्पसनला. वाटेत तासन् तास नुसती झाडं आणि बर्फ; तिथे गाडी बंद पडली तर खेळ खलास. व्हर्नाची जुनी गाडी गावातल्या गावात फिरण्यापुरतीच उरली होती. नातू चालायला लागला तेही तिने फोनवरच पाहिलं, आणि तेवढ्याने काही तिचं मन भरेना.

चर्चमधल्या लेनर्ड पेनरने आपली छोटी एसयूव्ही विकायला काढल्याचं कळलं, तशी सकाळीच ती चालत त्याच्या दारात गेली. लग्नाची मुलगी दाखवायला नटवावी तशी त्याने गाडी चकाचक केली होती. किल्ली फिरवताच इंजिन बिनबोभाट सुरू झालं. व्हर्ना मनातल्या मनात बॅग भरायला लागली. तेवढ्यात तिला बंपरखालून भिंतीकडे गेलेली वायर दिसली.

हिवाळ्यात रात्रभर इंजिनाला विजेची ऊब द्यायची, ही इथली रीतच. पाहुण्याच्या गाडीलासुद्धा वायर लावल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. लेनर्डच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. पण ऑर्व्हिल म्हणायचा, उबेत इंजिनाची दुखणी लपतात; जुनी गाडी घेताना ती आधी पुरती गारठू द्यायची आणि मगच ऐकायची.

"लेनर्ड, वायर काढ. मी थांबते."

"अगं, एवढ्या थंडीत? बिचारीला कशाला छळतेस?"

"उद्या हिने मला छळलं तर?"

दिवसभर ती त्याच्या स्वयंपाकघरात खिडकीशी बसून राहिली. लेनर्डने सूप वाढलं, गावभरच्या गप्पा मारल्या. ऑर्व्हिल असाच ताटकळायचा, मग टोपी कानावरून सरकवून, डोळे मिटून ऐकायचा.

दिवस कलल्यावर लेनर्डने किल्ली फिरवली. इंजिन आधी कण्हलं, ते चालायचंच. पण मग डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट सुरू झाला आणि थांबायचं नाव घेईना.

"गरम झाली की जातो तो आवाज," लेनर्ड म्हणाला.

त्याचं ऐकावं असं तिला फार फार वाटलं. तिने परत एकदा सुरू करायला लावली. खडखडाट तसाच.

"नको रे. ऑर्व्हिलने मला हिच्यात बसू दिलं नसतं."

ती फाटकापर्यंत गेली आणि मागे फिरली. बर्फात पडलेली वायर उचलून तिने त्या गाडीला पुन्हा लावली. ऑर्व्हिल हिवाळ्यात रोज संध्याकाळी तिच्या गाडीला अशीच वायर लावायचा. म्हणायचा, सकाळी तुला कुठे जावंसं वाटलं, तर.